बद्रीनाथांचा तयार कान

कुईंऽ.

आवाज एवढासाच. पण रेणूला थोपटून थोपटून पायलने घरात नुकतीच कुठे शांतता आणली होती, आणि त्या शांततेत तो सुईसारखा टोचला. रेणूची पापणी हलली. पायलने श्वास रोखला. पाच वर्षांच्या पोरीची दुपारची झोप म्हणजे आईला मिळालेला एक तास. भंगारवाल्याचा भोंगा, कुकरची शिट्टी किंवा सासूबाईंचं फोनवरचं बोलणं, कशानेही तो जप्त होऊ शकतो. पापणी पुन्हा स्थिर झाली. पायल चवड्यांवर चालत बाहेरच्या खोलीत आली.

तिथे तिचे सासरे बद्रीनाथ, म्हणजे तिचे मामा, कॉम्प्युटरसमोर डोळे मिटून बसले होते. झोपले नव्हते, भाषण आठवत होते.

अंबडमध्ये कॉम्प्युटर बिघडला की आधी बद्रीनाथ आठवायचे, मग बिघाड. बत्तीस वर्षं त्यांनी हेच काम केलं होतं, आणि ख्याती होती ती त्यांच्या हाताची नव्हे, कानाची. मशीनच्या डब्याला कान लावायचे, दोन मिनिटं डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे. "पंख्यात पाल अडकली." उघडून बघावं तर पाल. सुरू होताना कॉम्प्युटर एकदा वाजला तर ठीक, तीनदा वाजला तर काय, लांबट वाजला तर काय, हे त्यांना घरातल्या माणसांच्या खोकल्यासारखं पाठ होतं. म्हणूनच तर कॉलेजात नवी कॉम्प्युटर लॅब सुरू होताना आज चार वाजता त्यांचा सत्कार ठेवला होता आणि वर 'अनुभवाचे दोन शब्द' मागितले होते. दोन शब्दांची आत्तापर्यंत पाच पानं झाली होती. मामा सांगत होते, पायल टाईप करत होती. शेवटचा परिच्छेद तेवढा राहिला होता. मग शेजारी मेहरुन्निसाभाभींच्या सेवा केंद्रात जाऊन प्रिंट काढायची, कारण बद्रीनाथांच्या घरचा प्रिंटर दोन वर्षांपासून दुरुस्तीच्या रांगेत होता.

"लिही," मामा म्हणाले. "त्र्याण्णव साली जालन्याच्या एका कापसाच्या जिनिंगमधी पहिला कॉम्प्युटर आल्ता. त्याला एसी, अन् मुनीमजीला पंखा बी न्हाई. चपला बाहेर काढून आत जायचं. शेठनं पूजा केली, नारळ फोडला, सगळं पाणी बटनांत. मला बोलावलं. म्हणलं, काय झालं? तर म्हणले, 'आमी काहीच केलं न्हाई. आपोआप बंद पडला.'"

"मामा, हे वाक्य चौथ्यांदा आलं."

"येऊ दे. बत्तीस वर्षांत दुसरं शिकलोच काय? मशीन खोटं बोलत न्हाई, माणूस बोलतो. जो म्हणतो मी काहीच केलं न्हाई, त्यानंच केलेलं आसतंय. ते डोळे मिटून लिहून घ्यायचं अन् मंग पेचकस काढायचा."

पायलने लिहून घेतलं. मग हळूच, पण मामांना ऐकू जाईल एवढ्या हळूच, विचारलं, "आणि शेवटी पोरं प्रश्न विचारतील, त्याचं?"

"प्रश्न-बिश्न न्हाई. कळवून टाकलंय मी. भाषण वाचतो, नारळ घेतो, येतो."

पायलने विषय सोडून दिला. कारण तिला माहीत होतं. मोठ्याने बोललेलं मामांना ऐकू यायचं, आणि या घरात हळू बोलणारं एक रेणू सोडली तर कोणी नव्हतंच. पण बारीक आवाज गेली दोनेक वर्षं त्यांच्या कानाला चुकवून जायचे. चार महिन्यांपूर्वी पायलच्या नवऱ्याने जालन्याहून कानाचं मशीन आणलं. मामांनी ते दोन दिवस घातलं. तिसऱ्या दिवशी सासूबाईंकडे बोट करून म्हणाले, "नंदाबाई पापड खाती तर पत्र्यावर गारा पडल्यासारखं वाटून राह्यलं." मशीन डबीत, डबी कपाटात. ज्या कानावर गाव विसंबलं, त्याच कानात मशीन घालून गावापुढे उभं राहायचं? हे ते बोलले नव्हते. पायलने आपलं ओळखलं होतं. आज हॉलमध्ये मागच्या बाकावरून एखादी लाजरी पोर प्रश्न विचारणार, मामा भलतंच उत्तर देणार आणि पोरं हसणार, याची त्यांना धास्ती होती. तिलाही होती.

कुईंऽ.

"हे! ऐकलं का मामा?"

मामा क्षणभर तिच्या तोंडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ऐकलं ना. कवाचं ऐकून राह्यलो."

"कशाचं असेल?"

"बघावं लागंल." ते वाकले, कॉम्प्युटरच्या डब्याला कान लावला. कुईंऽऽ!

"यातूनच येतंय!" पायल म्हणाली.

"मंग? पावर सप्लाय गेला ह्याचा." मामा गंभीर झाले. "कवा पेट घेईल, नेम न्हाई."

"अहो, पण भाषण त्यात आहे!"

तोवर वायर निघाली होती, चार पेच निघाले होते आणि डब्याचं दार जमिनीवर होतं. पायलच्या शेवटच्या परिच्छेदाला कोणी विचारलं नाही.

एवढ्यात स्वयंपाकघरातून नंदाबाई आल्या. त्यांचा आवाज असा, की गल्लीच्या तोंडाशी उभ्या भाजीवाल्याला घरात बसून मेथी सांगायच्या. "काय लावलंय? कुई कुई काय वाजून राह्यलंय मघापासून?"

"आत्याबाई, हळू! रेणू झोपलीय."

"मी हळूच बोलून राह्यले."

कॉम्प्युटर तर उघडा पडला होता, वायर काढलेली होती, तरी मामा उभे राहता राहता पुन्हा कुईं झालं. नंदाबाईंनी छताकडे पाहिलं, पायलने इन्व्हर्टरकडे. मामांनी दोघींकडे पाहिलं आणि पायलची नजर धरून इन्व्हर्टरकडे गेले. वाकले, कान लावला. कुईंऽऽ!

"हाच!" नंदाबाई म्हणाल्या.

"हेच म्हणून राह्यलो मी."

इन्व्हर्टर ओढून बाहेर काढला. त्या खरखराटाने रेणू उठली, डोळे चोळत येऊन पायलच्या कडेवर बसली. पायलचा एक तास गेला तो गेलाच. इन्व्हर्टरनंतर फ्रिजचा नंबर लागला. मामा त्याच्या पाठीमागे वाकले, तो वाजला. मग वायफायचा डबा, मग पिठाची चक्की. जिथे मामा वाकून कान लावत, तिथे बरोबर आवाज यायचा. पाऊण तासात घरात चालू असं एकच यंत्र उरलं, ते म्हणजे नंदाबाई.

"फ्रिजमधलं दूध गेलं आता! बत्तीस वर्षं लोकांचं दुरुस्त केलं, अन् आज घरचं सगळं एका टायमाला बिघडलं?"

"लाईनीतच खोट हाय," मामा म्हणाले. "शेजारी बी पसरली आसंल. पायल, ती हार्डडिस्क घे. भाषण भाभींच्या मशीनवर काढू. अन् त्यांचं बी बघून घेतो."

पायलने एका कडेवर रेणू आणि दुसऱ्या हातात भाषण असलेला तो लोखंडी चौकोन घेतला. शेजारच्या गाळ्यात मेहरुन्निसाभाभींच्या केंद्रात पाच-सहा माणसं ओळीत बसली होती. पहिला नंबर अप्पारावांचा होता. ते उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तिसऱ्यांदा आले होते आणि आज त्यांचा फॉर्म शेवटच्या पानापर्यंत पोचला होता.

"या, बद्रीभाई," भाभी म्हणाल्या. "दोन मिनट. अप्पारावांचं झालं की प्रिंट देते."

मामांनी सवयीने वाकून त्यांच्या कॉम्प्युटरला कान लावला.

कुईंऽऽ!

"या अल्ला! ये क्या बोला?"

"भाभी, बंद करा. जल्दी."

"बिलकुल नहीं! माझं मशीन बराबर आहे. सकाळपासून आवाज नाही काढला त्याने. तुम्ही आले अन् बोंबललं."

"डॉक्टर आल्यावरच पेशंट कण्हतो," मामा म्हणाले.

"साहेब, माझं शेवटचं पान हाय," अप्पाराव काकुळतीला आले. "तेवढं होऊ द्या, मंग पेटलं तरी चालंल."

पण मामांचं कानाचं निदान म्हणजे गावात शेवटचा शब्द. भाभींनी कपाळाला हात लावून कॉम्प्युटर बंद केला. अप्पारावांचा फॉर्म गेला. पुन्हा कुईं झालं. मग प्रिंटर बंद केला. कुईं. पंखा, ट्यूबलाईट. शेवटी मामांनी मीटरखालचा मेन स्विचच खाली ओढला. गाळा एकदम चिडीचूप झाला. कोणी हललं नाही. नंदाबाई मागोमाग आल्या होत्या, त्याही गप्प. हे विशेष.

मामा खात्री करायला पुन्हा एकदा डब्यावर वाकले. मग सरळ झाले, छातीवर हातांची घट्ट घडी घातली आणि म्हणाले, "बघा. गेला का न्हाई आवाज?"

आणि ते हे बोलत असतानाच आवाज चालू होता. दिवसभरातला सगळ्यात लांब, सगळ्यात खणखणीत. कुईंऽऽऽऽ.

"गेला कुठं?" अप्पाराव म्हणाले. "आता तर गाऊन राह्यलंय."

सगळे मामांकडे बघू लागले. मामा सगळ्यांच्या तोंडाकडे बघू लागले, एकेकाच्या, पटापट, कुठे काही लिहिलंय का ते शोधावं तसे. तेव्हा पायलच्या लक्षात आलं. मामांनी तो आवाज आत्ता ऐकला नव्हता. दुपारपासून एकदाही ऐकला नव्हता.

"बाहेरून येत असेल," ती घाईघाईने म्हणाली. "रस्त्यावर काहीतरी…"

"नाही," कडेवरून रेणू म्हणाली. तिचा आवाज मुळातच बारीक, साखर सांडल्यासारखा. "आबांच्या खिशात वाजतंय."

कडेवर बसली की रेणूचं डोकं नेमकं आबांच्या खिशाच्या उंचीला यायचं. तिने कोणी काही म्हणायच्या आत हात घातला. आधी पेन निघालं. मग टेस्टर. मग घडी घातलेला रुमाल, आणि रुमालाच्या घडीत ते कानाचं मशीन. रेणूने मूठ मिटली तसं ते आणखी जोरात कुईं करू लागलं. मूठ उघडली, गप्प. मिटली, कुईं. वाकलं किंवा हातांची घडी घातली की खिसा दाबला जायचा आणि ते ओरडायचं, एवढीच सगळी भानगड.

मामांनी मशीनकडे पाहिलं, मेन स्विचकडे पाहिलं, मग अप्पारावांच्या गेलेल्या फॉर्मकडे. आणि तालुक्यातल्या सगळ्या गिऱ्हाइकांनी बत्तीस वर्षं त्यांच्यापुढे जो चेहरा केला होता, तोच चेहरा करून म्हणाले,

"मी काहीच केलं न्हाई. आपोआप चालू झालं."

"पायल," नंदाबाई म्हणाल्या, "लिहून घे गं. पाचव्यांदा आलं."

आधी अप्पाराव हसले, मग भाभी, मग ओळीतली सगळी माणसं. मामांचे कान लाल झाले. पायलने रेणूच्या मुठीतून मशीन घेतलं आणि त्यांच्या जवळ जाऊन विचारलं, "हे तर कपाटात होतं ना?"

"व्हतं." मामा टेस्टरशी चाळा करू लागले. "तिथं घालावं का न घालावं, ठरून नव्हतं राह्यलं. म्हणून नुसतं संगं घेतलं."

तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. मामांच्या हाताखाली शिकून तयार झालेला शाहबाज गाडी घेऊन आला होता. "उस्ताद, चला. प्रिन्सिपल सरांचे दोन फोन येऊन गेले. भाषण कुठंय?"

पायलने हार्डडिस्क दाखवली. "यात आहे."

शाहबाजने तो चौकोन उलटासुलटा करून बघितला. "हे वाचणार स्टेजवर?"

मामांनी पायलच्या हातातून कानाचं मशीन घेतलं. जरा वेळ तळहातावर ठेवून पाहिलं, जसं एखादं गिऱ्हाइकाचं मशीन पहिल्यांदा हातात घेतात तसं. मग कानात बसवलं. मेहरुन्निसाभाभींनी मेन स्विच वर केला. पंखा फिरू लागला, तसे मामा दचकून वर बघू लागले.

"ह्या पंख्याला तेल द्या भाभी," ते म्हणाले. "बेअरिंग गेलंय."

"लो! आता अजून खर्चा!"

"भाषण राहू दे," मामा शाहबाजला म्हणाले. "फोन लाव त्यांला. म्हणावं, बद्रीनाथ प्रश्न घेणार हाय. मागच्या बाकावरचे बी."

ते गाडीत बसायला निघाले, तशी रेणू कडेवरून खाली घसरली आणि धावत जाऊन त्यांच्या सदऱ्याला लोंबकळली. रोज संध्याकाळी ती कॉम्प्युटरच्या टेबलावर मांडी घालून बसायची आणि आबांना गोष्ट सांगायची. मामा तिच्या तोंडाकडे बघत ऐकायचे आणि हसून हसून डोळे पुसायचे. आजची गोष्ट बुडणार, म्हणून तिने ती उभ्याउभ्याच उरकली. "आबा, आज ना मॅडम परत मोरीच्या भिंतीवरून पडली. आणि तिची शेपटी तुटली."

मामा थांबले. "शेपटी? मॅडमला?"

"मग? पाल आहे ना ती!"

"मॅडम म्हंजी पाल हाय?" मामा हसत सुटले. "अन् हे मला आज कळून राह्यलंय!"

गाडी निघाली. गाडीच्या काचेतून मामांचा हात कोपऱ्यावर वळेपर्यंत हलत होता. रेणूने मात्र हात हलवला नाही. ती पायलचा पदर धरून विचार करत उभी होती.

"आई, आबांना माझी गोष्ट ऐकूच येत नव्हती?"

"नाही येत असेल, बाळा. सगळी नाही."

"मग ते बरोब्बर हसायच्या जागी कसे हसायचे?"