आखूड पायाची खुर्ची

"आठ तास तोंड बंद ठेवायचं, त्यात काय एवढं?" रेडिओ म्हणाला, आणि त्यात काहीच कसं नाही हे त्याने पाऊण तास समजावून सांगितलं.

रेडिओ हे नाव त्याला अख्ख्या कॉलेजने ठेवलं होतं. खऱ्या रेडिओला निदान बटण असतं.

गावातल्या सेवाभावी संस्थांसाठी कॉलेजात मदतनिधीचा आठवडा चालू होता. रेडिओच्या वाट्याला वृद्धाश्रम आला. तिथली लिफ्ट चार महिने बंद होती आणि तिसऱ्या मजल्यावरची सात माणसं चार महिने खाली बागेत उतरली नव्हती. रेडिओ वर जाऊन त्यांच्याशी दोन तास बोलून आला. निघताना एक आजी म्हणाल्या, "बोलतोस छान रे बाळा. पण लिफ्टचं काय?"

ते त्याच्या मनाला लागलं. म्हणून ही योजना. नऊ ते पाच त्याने वाचनालयासमोर गप्प बसायचं, लोकांनी शेजारच्या पेटीत पैसे टाकायचे. तोंडातून एक शब्द निघाला, तर ज्याचे त्याला परत. नियम वर्गातल्या वकीलबाईने लिहिले. ती चहासुद्धा अटी घालून मागवायची, म्हणून हे नाव. सातवं कलम असं, की खाणाखुणाही नाहीत. जाणूनबुजून मान हलवली तरी बोलल्यातच जमा.

मिळालेल्या खुर्चीचा पुढचा एक पाय बोटभर आखूड होता. खुर्ची मधूनच पुढे कलायची आणि रेडिओची मान खाली जायची.

"ही मान खुर्चीची आहे," वकीलबाईने निवाडा दिला. "धरत नाही."

पहिला तास टिंगलीत गेला. एकाने त्याला तोंडपाठ असलेली गोष्ट मुद्दाम चुकीची सांगितली. रेडिओ वांग्यासारखा जांभळा झाला, पण बोलला नाही.

मग ग्रंथपालबाई आल्या. नोट टाकली, समोर बसल्या आणि इकडेतिकडे बघून म्हणाल्या, "अकरा वर्षं मी बहिणीशी बोललेले नाही. करू का फोन?"

खुर्ची कलली. मान गेली.

बाई डोळे पुसत उठल्या त्या थेट फोनकडे. पाचव्या मिनिटाला त्यांचं हसू पार जिन्यापर्यंत ऐकू आलं आणि पंधराव्या मिनिटाला रेडिओसमोर रांग लागली. भौतिकशास्त्राच्या सरांनी विचारलं, की वीस वर्षं लिहितोय ते पुस्तक सोडून देऊ का. खुर्ची हो म्हणाली. सर पोरासारखे जिना उतरले. दुपारी खुद्द प्राचार्य आले. स्नेहसंमेलनातलं आपलं भाषण रद्द करावं का, असा त्यांना प्रश्न होता. खुर्ची दोनदा कलली. त्या एका निर्णयावर विद्यार्थ्यांनी पेटीत इतके पैसे टाकले, की झाकण बसेना.

रेडिओ मात्र आतून हादरला होता. एवढी माणसं रोज त्याच्यासमोर होती आणि त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. विचारायला त्याला सवड कुठे होती?

चार वाजता वकीलबाई घाबरली. "आता एक जण लग्न मोडू का विचारतोय. पुरे." तिने वहीचा कागद दुमडून आखूड पायाखाली सारला. खुर्ची खांबासारखी स्थिर झाली.

रांगेत शेवटी रेडिओचे बाबा होते. शिंपी, गळ्यात टेप तशीच. ते समोर बसले आणि बराच वेळ टेपशी खेळत राहिले.

"तू बोलत असतोस तेव्हा मी तोंडात टाचण्या धरतो ना," ते म्हणाले, "कामाला लागत नाहीत त्या. उत्तर द्यावं लागू नये म्हणून."

"रागवू नकोस. तुझी आई गेल्यावर घरात तुझा आवाज होता, तेच बरं वाटायचं. पण एक सांगायचं राहूनच गेलं." त्यांनी आवाज खाली आणला. "मला पोहायला शिकायचंय. या वयात. लोक हसतील ना? जाऊ का?"

खुर्ची ढिम्म. शब्द रेडिओच्या दातांपर्यंत आले. तिसऱ्या मजल्यावरची सात माणसं तिथेच आडवी आली. बाबा "बरं, राहू दे" म्हणून उठायला लागले.

रेडिओने पाय मागे घेतला आणि टाचेने कागद उडवला. खुर्ची कलली. मान पार छातीला टेकली.

वकीलबाईने सगळं पाहिलं होतं. तिने सातवं कलम वाचलं, पुन्हा वाचलं. "पायाचा उल्लेख नाही," ती म्हणाली.

पाच वाजले. पैसे लिफ्टला पुरून उरणार होते. पेटी पोचवायला बापलेक वृद्धाश्रमाकडे निघाले.

"आता बोल की," बाबा म्हणाले.

रेडिओ बोलायला लागला. पोहताना श्वास कसा घ्यायचा, कानात पाणी गेलं तर काय, टोपी कुठली घ्यावी, माशांना हे का शिकावं लागत नाही. दुसऱ्या चौकात बाबा थांबले. त्यांनी खिशातून एक नोट काढली, घडी घातली आणि पेटीच्या फटीत सारली.

"वृद्धाश्रमापर्यंत," ते म्हणाले.