अध्यक्षांचा कोट

१९७४ साली एका प्रयोगशाळेत नवरा-बायकोची दोन यंत्रं समोरासमोर उभी राहिली. काम एकच: अणुइंधनाच्या उष्णतेवर वीज करायची आणि दूरच्या ग्रहांकडे निघणाऱ्या यानाला पुरवायची. नवऱ्याच्या यंत्रात दट्ट्या पळे आणि तेवढ्याच उष्णतेत चौपट वीज निघे. बायकोच्या यंत्रात काहीच हलत नसे. एक बाजू तापलेली, दुसरी गार, मधल्या धातूंत गुपचूप वीज. हरेल त्याचा विभाग बंद होणार होता.

"तुझं यंत्र म्हणजे रुसलेली बाई. तोंडातून शब्द नाही," नवरा म्हणाला.

"आणि तुमचं म्हणजे तुम्हीच. काडीचं काम, गावभर बोभाटा."

चाचणीला इंधनाऐवजी विजेच्या शेगड्या लावल्या होत्या आणि वीज किती निघते ते दिसावं म्हणून प्रत्येक यंत्राला एक दिवा जोडला होता. नेमका त्याच दिवशी खोलीचा हीटर बिघडला. निवड समितीचे अध्यक्ष कुडकुडत आले आणि थेट बायकोच्या यंत्राशी बसले. गार बाजूची उष्णता बाहेर टाकायला पत्र्याचे पंख होते. त्यांवर त्यांनी आपला लोकरी कोट पसरला.

"साहेब, तो कोट जरा..." बायको म्हणाली.

"हो हो, छान गरम होतोय!"

मग काय, सभासदांचे मफलरही चढले. कोंडलेली उष्णता जाणार कुठे? गार बाजूही तापली, दोन बाजूंतला फरक घटला आणि दिवा मंदावला.

"शेगडी वाढवा की!" एक सभासद म्हणाले. शेगडी वाढली, ऊब वाढली, खुर्च्या आणखी जवळ सरकल्या. दिवा आणखी मिणमिणला.

बायकोला त्या मिणमिणत्या दिव्यात अथांग काळोख दिसू लागला. त्यातून एकटंच तरंगत जाणारं तिचं यान. तिथे ना खुर्च्या, ना सभासद. किती छान गारवा!

"अगं, सांग ना त्यांना," नवरा कुजबुजला.

"कोटावर डोकं टेकून झोपलेत ते!"

नवऱ्याने कपाळावर हात मारला, आणि स्वतःच जाऊन कोट-मफलर उचलले. दिवा हळूहळू उजळला. कोट गेल्याबरोबर अध्यक्ष जागे झाले.

"हे यंत्र चालू होतं?"

"मघापासून, साहेब."

"आणि मी झोपलो? त्या दट्ट्याशेजारी डोळा लागला नसता. काही हलत नाही म्हणजे काही झिजतही नाही. तिकडे दुरुस्तीला कोण जाणार? हेच पाठवा."

नवऱ्याचा विभाग बंद झाला. तो बायकोच्या हाताखाली आला आणि निवृत्तीपर्यंत पंखच करत राहिला. "चौपट होती वीज," आल्यागेल्याला सांगायचा. परवापरवा गेला. अध्यक्ष निवृत्तीनंतरही बैठकांना येत, डुलकी काढायला. यान शेवटच्या ग्रहापलीकडे गेलं. त्याच्या संदेशांचा आवाज दरवर्षी क्षीण होतोय, असं म्हणतात. बायकोलाही आता कमीच ऐकू येतं, त्यामुळे तिला काही फरक जाणवत नाही.