मूत्रपिंडाची सोयरीक

१९७८ साली लालासाहेबांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. ते फलटणकडच्या आपल्या भावकीच्या समितीचे अध्यक्ष असल्यामुळे हा प्रश्न घरगुती राहिला नाही.

मिरजेच्या डॉक्टरांनी समजावलं, "दुसऱ्याचं मूत्रपिंड बसवता येतं. दक्षिणेत मोठ्या इस्पितळात जावं लागेल. पण पेशींवर खुणा असतात, आईबापांकडून आलेल्या. त्या जुळल्या नाहीत तर शरीर ते परकं म्हणून नाकारतं. काही खुणा काही समाजांत जरा जास्त आढळतात, एवढंच."

'एवढंच' भावकीनं ऐकलं नाही. आपलं कूळ आता सायन्सनंही मानलं, म्हणून पेढे वाटले गेले. अख्ख्या भावकीचं रक्त मुंबईला तपासायला गेलं. एकाचंही जुळलं नाही. जुळलं ते ज्ञानूचं. ज्ञानू लालासाहेबांचा पलटणीतला जोडीदार. भेटायला आला होता, त्यानंही हात पुढे केला होता.

"घ्या की! मला दोन हायती," ज्ञानू म्हणाला.

समिती बसली. मूत्रपिंड घेणं हा रोटीव्यवहार की बेटीव्यवहार? पलटणीत दोघं एका ताटात जेवले होते, त्यामुळे रोटीला हरकत नव्हती. पण खाल्लेली भाकरी दुसऱ्या दिवशी बाहेर जाते. मूत्रपिंड कायमचं नांदायला येतं. सबब, बेटीव्यवहार.

"आवं भावजी, मालक सुजून भोपळा झाल्यात!" लालासाहेबांच्या पत्नी मनुबाई दारातून ओरडल्या. "आन् तुमी सोयरीक कसली ठरीवताय?"

"वयनी, दमानं घ्या," चिटणीस दादासो म्हणाले. "आज त्येंचं घेतलं, उद्या त्येंनी आपलं मागितलं तर?"

मनुबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. लालासाहेब धापा टाकत म्हणाले, "माज्यापायी पायंडा नगं पडाय. ठराव हू द्या."

बऱ्याच बैठकांनंतर ठराव झाला: घेण्यास हरकत नाही, देणं मात्र होणार नाही. हे कळताच ज्ञानूच्या समाजाचीही समिती बसली. जे आपलं देत नाहीत, त्यांच्या घरी आपलं का नांदवायचं? ज्ञानूला वाळीत टाकण्याचा इशारा मिळाला.

ज्ञानू कुणालाही न विचारता मिरज स्टेशनावर जाऊन बसला. मनुबाईंनी जीप दारात उभी केली. दुसऱ्या बाजूची लेखी संमती आल्याशिवाय अध्यक्ष जीपमध्ये बसेनात. संमती यायच्या आत त्यांना चौघांनी उचललं, पण ते जीपमध्ये ठेवायला नव्हे.

अध्यक्षांची जागा सध्या रिकामी आहे. ज्ञानू नेमका कुठल्या समाजाचा, हे इथवर वाचताना ज्यांना विचारावंसं वाटलं, त्यांनी अर्ज करण्याची गरज नाही. त्यांची निवड बिनविरोध झाली आहे.