जर्सीत अडकलेली सेंटर फॉरवर्ड

कोणत्याही सौद्याला तीन गोष्टी लागतात: देणारा, घेणारा आणि नंतरचं भांडण. पहिल्या दोघांची थोडी गैरसोय झाली तरी सौदा पार पडतो. तिसऱ्यावाचून पार पडलेला सौदा मी तरी पाहिलेला नाही. हे मी अधिकाराने सांगतो. माझी उमेदीची सगळी वर्षं भैंशाकडच्या बाजारांत बैलांची दलाली करण्यात गेली. पुढे ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले, पण माणसं होती तशीच राहिली, म्हणून सध्या मी निंबुर्डा व सावळखेडा या दोन गावांच्या संयुक्त खेळाडू हस्तांतरण समितीचा सचिव आहे. कामात म्हणावा असा फरक पडलेला नाही.

दोन्ही गावं तेलंगणात, जैनथकडची, पैनगंगेच्या अलीकडची. मधे एक नाला, त्यावर पूल. कापूस, सोयाबीन आणि हॉकी ही इथली मुख्य पिकं. पैकी हॉकी कशी आली ते बाहेरच्यांना समजावून सांगावं लागतं. शाळेने क्रिकेटचं सामान मागवलं होतं, पेटीतून हॉकीच्या काठ्या निघाल्या. परत पाठवायच्या तर अर्ज तेलुगूत करायचा, तोही तीन प्रतींत. त्यापेक्षा खेळ शिकून घेणं सोपं पडलं. चांगल्या काठ्या गडीमाणसांनी रानडुकरं हाकायला शेतात नेल्या, उरलेल्या मुलींच्या वाट्याला आल्या. तेव्हापासून हॉकी मुलींकडे आणि डुकरं पुरुषांकडे अशी विभागणी आहे. (समितीच्या पाहणीनुसार मुलींनी केलेले गोल हे डुकरांना प्रत्यक्ष लागलेल्या फटक्यांच्या कितीतरी पट भरतात. डुकरांचा आकडा अद्याप शून्याच्या पुढे सरकलेला नाही.)

निंबुर्ड्याच्या संघात दीपमाला होती. सेंटर फॉरवर्ड. ती बॉल घेऊन पळत आली की समोरच्या मुली आपोआप बाजूला व्हायच्या आणि मग आपण बाजूला का झालो म्हणून एकमेकींवर डाफरायच्या. तिची आई चंपाबाई जैनथच्या बाजारात वांगी विकते. सावळखेड्याकडे होती गोलकीपर सुवर्णा आणि मैदान दाबायचा एक लोखंडी रूळ. निंबुर्ड्याला गोलकीपर नव्हती, आणि मैदान असं होतं की मारलेला बॉल पुढे कुठे जायचं ते स्वतः ठरवायचा. तेव्हा निंबुर्डा क्लबचे अध्यक्ष भगवानराव (खत-बियाण्यांचं दुकान) आणि सावळखेडा क्लबचे अध्यक्ष मारोतराव (किराणा) यांच्यात अदलाबदल ठरली. दीपमाला तिकडे, सुवर्णा आणि रूळ इकडे. दीपमालाला विचारण्यातही आलं. हे समितीचं पुरोगामी पाऊल समजावं, कारण बाजारात अशी पद्धत नाही.

"जातो नं मी, गोपालकाका," ती मला म्हणाली. "तिकडचं मैदान सपाट हाय. मंचेरियलच्या निवडीपरेंत तिथंच पयतो."

मंचेरियलची निवड म्हणजे तिकडच्या एका खाण कंपनीच्या महिला संघाची निवड. संघात घेतलं की नोकरी. दीपमालाचं वय त्या वर्षापुरतंच नियमात बसत होतं. या एका गोष्टीकडे मायलेकी कितीतरी वर्षं डोळे लावून बसल्या होत्या. क्लबच्या अध्यक्षाच्या सहीशिवाय मात्र कोणालाही उभं करत नाहीत, आणि तो नियम मला मनापासून आवडतो. सहीशिवाय माणसं नुसतीच पळत सुटली तर अध्यक्षांनी काय करायचं?

आता थोडं कायद्याचं. बैलबाजारात दावं बदललं की सौदा पक्का होतो. विकणारा आपलं दावं सोडून घेतो, घेणारा आपलं नवं बांधतो. दावं बदलण्याआधी उघडकीला आलेली खोड विकणाऱ्याच्या पदरात, नंतरची घेणाऱ्याच्या. इतका स्वच्छ कायदा हायकोर्टातही नसेल. समितीने तो जसाच्या तसा हॉकीला लागू केला. फक्त दाव्याच्या जागी जर्सी. निंबुर्ड्याची पोपटी, सावळखेड्याची जांभळी.

हस्तांतरणाचा सोहळा पुलावर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत झाला. डीजे होता. सुवर्णाला पोपटी जर्सी झटकन बसली, त्यामुळे तिच्याकडे पुढे कोणी लक्ष दिलं नाही. मग मारोतरावांच्या पत्नी वच्छलाबाई यांच्या शुभहस्ते दीपमालाला जांभळी जर्सी, पोपटीच्या वरूनच, घालण्याचा कार्यक्रम सुरू झाला. ही जर्सी अंदाजाने शिवली होती. (माप घेणं म्हणजे समोरच्या गावावर अविश्वास दाखवणं.) डोकं आत गेलं. पुढे ते गळ्यातून बाहेर येईना, आणि हात बाहीत शिरेनात. वच्छलाबाई जिवाच्या आकांताने खाली ओढत होत्या. लोकांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या, डीजेने आवाज वाढवला. डोळ्यांपुढे जांभळा अंधार झालेली दीपमाला एक पाऊल मागे सरकली. मागे ट्रॉली संपलेली होती.

गुडघा दुखावला. आदिलाबादच्या डॉक्टरने तपासून सांगितलं, "महिनाभर पायावर भार देऊ नका, पोरगी पुन्हा हरणासारखी पळेल." निवड त्याहून लांब होती. अज्ञानी माणसाला वाटेल की प्रकरण इथे मिटलं.

पण जाणकारांच्या लक्षात लगेच मूळ मुद्दा आला. पडली त्या क्षणी दीपमाला कोणाची होती? अंगात पोपटी आणि डोक्यावर जांभळी, असा मामला बैलबाजाराच्या इतिहासात कधी उद्भवला नव्हता. बैल दावं बदलताना मधेच अडकत नाही. मला त्या रात्री आनंदाने झोप आली नाही. असा पेच दलालाच्या आयुष्यात एकदाच येतो.

समितीची पहिली बैठक खताच्या दुकानात भरली.

"डोकं ज्याच्या जर्सीत, मानूस त्याचा," भगवानराव म्हणाले. "आधारकार्डावर डोक्याचाच फोटो रायते नं? हातापायाचा पाह्यला का कोनी? पोरगी तुमची झाली, मारोतराव. मंग गुडघाई तुमचाच."

"हात भायेर, पाय भायेर, सारं आंग भायेर," मारोतराव म्हणाले. "नुसतं डोकं घेऊन मी काय करू? हॉकी काय डोक्यानं खेळतेत? तुमची पोरगी तुमी ठेवा अन् माही सुवर्णा अन् रूळ वापस करा."

दोन्ही बाजू बिनतोड होत्या. मी तसा शेरा मारला आणि प्रत्यक्ष पाहणीचा हुकूम काढला. बाजारात खोड कशी तपासतात हे सर्वांना ठाऊक आहे: चालवून, वळवून, बसवून, उठवून. दीपमालाला दुकानासमोर चालवण्यात आलं. निंबुर्ड्याच्या सदस्यांना ती अजिबात लंगडताना दिसली नाही. सावळखेड्याच्या सदस्यांना ती पावलोपावली लंगडताना दिसली. मतभेद मिटावा म्हणून पुन्हा चालवलं. मग उतारावर, मग चढावर, मग निरपेक्ष निष्कर्षासाठी जुवारीच्या रानातून. ही पाहणी प्रत्येक बैठकीला होई, आणि बैठका भरपूर होत, कारण चहा दोन्ही क्लब आळीपाळीने देत. (सावळखेड्याच्या चहात साखर कमी असते, याचीही नोंद आहे.)

"काका, डॉक्टरनं पाय टेकवू नको म्हनलं," दीपमाला एकदा म्हणाली.

"सही पाहिजे नं निवडीसाठी?" मी म्हणालो. "मंग सही कोनाची लागते ते तं ठरू दे."

ती चालू लागली. इतकी समंजस खेळाडू मी पाहिली नाही.

याच सुमारास जैनथच्या ऑटोस्टँडवरून एक खात्रीलायक बातमी आली. ज्या गावच्या मुलीची निवड होईल, त्या गावाला म्हणे निळ्या गालिच्याचं मैदान मिळणार, चौफेर दिव्यांसकट. बातमी कोणी दिली ते कळलं नाही, पण ती दोन्ही गावांना एकाच वेळी मिळाली, म्हणजे खरीच असणार. दुसऱ्या दिवशी समितीत जे घडलं त्याला मी तत्त्वनिष्ठेचा कळस म्हणतो.

"डोकं आत गेलं का नाई?" मारोतराव गरजले. "आधारकार्डावर कशाचा फोटो रायते? पोरगी सावळखेड्याची!"

"अन् हात?" भगवानराव टेबलावर मूठ आपटत म्हणाले. "हॉकी काय डोक्यानं खेळतेत?"

दोघांनी एकमेकांचे मुद्दे इतक्या प्रामाणिकपणे उचलले की मला मागचं इतिवृत्त पुन्हा लिहावं लागलं नाही. फक्त नावांची अदलाबदल केली. साहजिकच दृष्टीही बदलली. आता निंबुर्ड्याला दीपमाला पावलोपावली लंगडताना दिसू लागली, म्हणजे खोड जुनी, म्हणजे सौदा रद्द. सावळखेड्याच्या मते तर असा गुडघा साऱ्या तालुक्यात नव्हता. शेवटी एक अशी चाचणी सुचली की दोन्ही पक्षांनी एकमताने मान डोलावली. दीपमालाने मैदानावर लोखंडी रूळ ओढून दाखवावा. ओढता आला नाही तर निंबुर्ड्याची, आला तर सावळखेड्याची. बाजारात गाडीला जुंपून पाहतात, त्याचं हे सुधारित रूप. सूचना माझी होती, हे नम्रपणे नमूद करतो.

दीपमालाने अर्ध्या मैदानापर्यंत रूळ ओढला आणि खाली बसली. अर्धं मैदान ओढलं गेल्यामुळे निकाल पुन्हा लागला नाही. मैदान मात्र तेवढं सुरेख सपाट झालं.

तेव्हा चंपाबाई आली. वांग्याची टोपली डोक्यावरून उतरवायचंही तिला सुचलं नव्हतं.

"काऊन वो गोपालभाऊ," ती मला म्हणाली, "माही पोरगी हाय का गोऱ्हा हाय? तिचा गुडघा सुजून राह्यला अन् तुमी तिले जुंपून राह्यले? तिले झोप नाई लागत, रातभर कन्हते. लाज वाटू द्या. तिले घरी बसू द्या नं बाप्पा, तेवढंच मांगतो मी. तेवढंच."

तिचा आवाज फुटला. मलाही गलबलून आलं, खोटं कशाला सांगू. समितीने चंपाबाईंची हरकत रीतसर दाखल करून घेतली. परंतु त्या दोहोंपैकी कोणत्याही पक्षाच्या नसल्यामुळे ती विचारात घेता आली नाही.

निवडीचा दिवस उजाडला तसा उभय पक्षांनी मोठ्या मनाने तोडगा काढला. सह्या दोघांनीही करायच्या. वच्छलाबाईंनी नवी जर्सी शिवली: अंग पोपटी, बाह्या जांभळ्या. (माप याही वेळी घेतलं नाही.) मायलेकी पहाटेच्या बसने निघाल्या, मागून दोन ऑटो, दोन फलक, आणि दोन्ही फलकांवर "आमची दीपमाला".

मंचेरियलच्या मैदानावर आधी डॉक्टरची तपासणी होती. त्याने गुडघ्यावर अंगठा ठेवला, नुसता ठेवला, आणि दीपमालाने ओठ चावला.

"ये तो महिनेभर में ठीक हो जाता," तो म्हणाला. "इस पर वज़न किसने डलवाया?"

"समितीनं," ती म्हणाली.

त्याने मान हलवली. ऑपरेशन करावं लागेल, म्हणाला, आणि मग वर्षभर पळणं नाही. पुढच्या वर्षी तिचं वय बसणार नव्हतं. दीपमाला मैदानाच्या कडेला दोरीपाशी उभी राहिली आणि आत पळणाऱ्या मुलींकडे पाहत राहिली. चंपाबाईने तिचा हात धरला. "चाल, माय," ती म्हणाली, आणि दोघी बसस्टँडकडे निघाल्या, एक लंगडत आणि दुसरी तिच्याएवढ्याच सावकाश.

आम्हाला सर्वांना वाईट वाटलं. तसा ठराव त्याच ठिकाणी एकमताने मंजूर झाला. त्यानंतर भगवानराव हळूच म्हणाले, "तसं पाह्यलं तं डोकं तुमच्याच जर्सीत होतं, मारोतराव." मारोतराव म्हणाले, "हात तं नोते नं." आणि समितीचं कामकाज पूर्ववत सुरू झालं. सध्या दीपमाला जैनथच्या बाजारात आईशेजारी पाय लांब करून बसते आणि वांगी तोलते. दोन्ही क्लबांनी तिच्यावरचा हक्क परस्परांना सप्रेम देऊ केला आहे. प्रकरण न्यायप्रविष्ट असल्याने ऑपरेशनचा खर्च कोणाकडे, यावर बोलणं उचित होणार नाही.

समितीत एक जागा रिकामी आहे. ती सुबुद्ध वाचकांतून भरावी असं ठरलं असून, त्यासाठी वेगळी परीक्षा ठेवलेली नाही. आपण ती आत्ताच देऊन बसला आहात. डोकं आत म्हणजे सावळखेड्याची का हात बाहेर म्हणजे निंबुर्ड्याची, याचा निकाल आपण मनाशी केव्हाच लावून टाकला आहे, कदाचित दोनदा. तिचा कोणता गुडघा दुखावला, डावा की उजवा, हे मी इतक्या वेळात एकदाही सांगितलं नाही. आपणही एकदाही विचारलं नाही. आपली निवड एकमताने झाली आहे.