भामरेकाका आणि लोकांची गाडी

भामरेकाका माणसं ओळखत नाहीत, गाड्या ओळखतात. पाथर्डी फाट्याच्या आमच्या कॉलनीत मी राहायला आले तेव्हा पहिले आठ महिने त्यांच्या लेखी माझं नाव 'निळी' होतं. "निळीकडे पाणी आलं का गं?" असं ते बायकोला विचारायचे आणि ते मला माझ्या ओट्यापाशी स्पष्ट ऐकू यायचं. निळी माझी गाडी. मी शाळेत गणित शिकवते, मला दोन मुलगे आहेत, माझ्या हातच्या थालीपिठांचं कौतुक होतं. पण काकांना माझ्याबद्दल तीनच गोष्टी पुरेशा वाटल्या. निळी, छोटी आणि लोकांची.

हे 'लोकांची' जरा समजून घ्यायला हवं. काकांच्या जगात गाड्या दोनच जातींच्या. एक 'आपली', म्हणजे ज्या कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं काढली तिथली. दुसरी 'लोकांची'. हिच्यात जपान, जर्मनी, कोरिया आणि उरलेला सगळा हिंदुस्थान आला. आपल्या कारखान्याचं नाव मात्र ते कधी घेत नाहीत. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घ्यायच्या नाहीत, तसं नुसतं 'कंपनी'. इतकी वर्षं शेजारी राहून मलाही ते नाव घ्यायची चोरी झाली आहे.

कंपनीत काकांचं काम दारं लावायचं. मीही आधी हसलेच होते. तयार झालेली गाडी शेवटच्या टप्प्यावर आली की काकांनी तिची सगळी दारं एकेक करून उघडायची, लावायची आणि आवाज ऐकायचा. आवाज पटला तर गाडी पुढे, नाही पटला तर परत. "मॅडम, इंजिन खोटं बोलू शकतं," ते मला म्हणाले (आठ महिन्यांनंतर मी निळीची मॅडम झाले होते), "दार नाही बोलत. आणि दार आपटायचं नसतं, सोडायचं असतं. तुम्ही शाळेत फळ्यावर खडू आपटता का?"

निवृत्तीनंतरही कान निवृत्त झाले नाहीत. सकाळी गेटपाशी पेपर वाचत बसायचे आणि कॉलनीतली माणसं कामाला निघाली की मान वर न करता निकाल द्यायचे. "देशमुखाची मागची बिजागरी बसली." "हा कोण आला? पाहुणा दिसतो. दाराचं रबर गेलंय त्याच्या." एकदा समोरच्या बंगल्यात नवी कोरी, चांगली मोठी गाडी आली. पेढे वाटले गेले. काकांनी पेढा तोंडात टाकला, दार एकदा उघडलं, लावलं आणि मालकाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "होईल सवय." तो माणूस आठवडाभर घुश्शात होता.

काकांची स्वतःची गाडी बावीस वर्षांची. चॉकलेटी, उंच, खांदे रुंद असलेल्या पैलवानासारखी. चार लाखांवर किलोमीटर झालेले, आणि "झाकण उघडलं नाही आजवर" हे वाक्य पाहुण्यांना चहाआधी ऐकावं लागायचं. झाकण म्हणजे इंजिनचं, ते खोलून दुरुस्त करायची वेळच आली नव्हती. ही गाडी बंद पडत नसे, 'थांबत' असे. द्वारका चौकात ऐन गर्दीत ती तासभर थांबली तेव्हा मी स्कूटरवरून जाताना विचारलं, "काका, बंद पडली का?" काका फूटपाथवर उभे राहून शांतपणे म्हणाले, "नाही. विचार करतेय."

मनीषा ही त्यांची एकुलती मुलगी. तिचं लग्न नाशकातच झालं, सासर सटाण्याचं. जावई सोन्यासारखा, पण नवरदेवाची गाडी लोकांची निघाली. काकांनी फुलवाल्याला बाजूला घेतलं. "पुढचं चिन्ह दिसता कामा नये. फुलं कमी पडली तर मंडपाची काढ." फुलवाल्याने झेंडूचा असा थर चढवला की गाडीचं नाक, तोंड, श्वास सगळं बुजलं. पाठवणीच्या वेळी काका ढसाढसा रडले. मग डोळे पुसून म्हणाले, "मी जरा मागे मागे येतो. घाटापर्यंत." भावडबारीच्या घाटात नवरदेवाची गाडी तापली. झेंडूने वारा अडवला होता, दुसरं काही कारण नव्हतं. पण काकांनी तो विषय काढला नाही. त्यांनी मुलीला आणि जावयाला चॉकलेटी गाडीत बसवलं आणि थेट सटाण्याला नेऊन उतरवलं. परत आल्यावर आम्हाला एवढंच सांगितलं, "कामाला आली बिचारी."

या सगळ्यात सुमनकाकी कुठे असायच्या, तर काकांच्या डाव्या हाताच्या सीटवर. त्या नामपूरच्या. दोघं आपापसांत अहिराणी बोलायचे, आणि त्यांच्या भांडणातलं मला निम्मं कळायचं. "तुमले गाडी करी देवानी व्हती, लगीन कसाले कयं?" गाडीच करायची, लग्न कशाला केलंत, असं काकी म्हणायच्या आणि काका खूश होऊन हसायचे. दर वर्षी आखाजीला काकी माहेरी जायच्याच. तिकडे अक्षय तृतीयेला आखाजी म्हणतात. लेकीबाळी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. काकींचं वय पासष्ट झालं तरी भिकनदादा, त्यांचा थोरला भाऊ, आठ दिवस आधीपासून फोन करायचा. काकी परत आल्या की आमच्याकडे डबाभर सांजोऱ्या यायच्या.

दोन वर्षांपूर्वी काकी जिन्यावरून पडल्या. खुब्याचं ऑपरेशन झालं. चालायला लागल्या, पण डावा पाय वितीपेक्षा जास्त वर उचलेना. सपाटीवर काठी घेऊन कुठेही जातील, पण पायरी आली की संपलं. आणि चॉकलेटी गाडी म्हणजे नुसती पायरीच.

काकांनी हार मानली नाही. आधी लाकडी पाट आणला. मग अंबडच्या एका वेल्डरकडून दाराखाली लोखंडी पायरी बसवून घेतली, मग धरायला दांडा. काकी दोनदा चढल्या. तिसऱ्या वेळी पाय सटकला आणि त्या पाटावरच बसल्या. सगळी कॉलनी दूध घ्यायला बाहेर होती. काकी हसल्या, "नवा सोफा छान आहे," म्हणाल्या, पण त्या दिवसानंतर गाडीकडे गेल्या नाहीत. रिक्षा नको, मनीषाकडे नको, गोदाकाठी गंगेवर नको. "माले कोठेच जानं नही. आठेच बरं शे." इथेच बरं, एवढंच म्हणायच्या.

त्या वर्षी आखाजीला भिकनदादाचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. काकी म्हणाल्या, येत नाही, घरी पाहुणे आहेत. पाहुणे म्हणजे मी, वाटीभर साखर मागायला गेलेली. फोन ठेवून त्या मला म्हणाल्या, "वहिनी आता पहिल्यासारखी बोलत नाही. कशाला जायचं?" मी काकांकडे पाहिलं. ते खिडकीतून बाहेर बघत होते. दुसऱ्या वर्षीही असंच झालं. त्या वेळी पाहुणेसुद्धा नव्हते.

यानंतर काही महिन्यांनी काका टेप घेऊन फिरायला लागले. सुताराची लोखंडी टेप. कॉलनीतल्या प्रत्येक गाडीपाशी जायचे, मालकाला दार उघडायला लावायचे आणि जमिनीपासून सीटपर्यंतची उंची मोजायचे. लोकांना वाटलं, लोकांच्या गाड्यांमधल्या खोडी काढण्याचा नवा प्रकार सुरू झाला. देशमुख तर म्हणालेसुद्धा, "काका, आता आमच्या बुडाचं माप पण घ्या."

एका रविवारी ते माझ्याकडे आले. "निळी उघडा जरा."

मी दार उघडलं. त्यांनी माप घेतलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "बसून पाहू का?"

काका लोकांच्या गाडीत बसणार होते. मी बाजूला झाले.

पण ते नुसते बसले नाहीत. त्यांनी डावा पाय लाकडासारखा ताठ केला, पाठ सीटकडे केली, हळूच मागे टेकले आणि मग दोन्ही हातांनी स्वतःचा डावा पाय धरून आत घेतला. डोकं छताला लागलं. बाहेर आले. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा सीट मागे सरकवून. सत्तरीला आलेला सहा फुटी माणूस माझ्या एवढ्याशा गाडीत पाय उचलून उचलून ठेवत होता, घामाघूम झाला होता, आणि समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. मीही सुरुवातीला हसतच होते. मग एकदम कळलं की काका हुबेहूब काकींसारखे बसत आहेत.

"एकवीस इंच," ते पाचव्यांदा बाहेर येऊन म्हणाले. "एकवीस चालेल."

पुढच्या शनिवारी मला त्यांनी शोरूममध्ये नेलं. लोकांच्या. दारापाशी थबकले आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही पुढे व्हा. मी तुमच्याबरोबर आलोय असं दाखवा." आत सेल्सची मुलगी मोठ्या उत्साहात स्क्रीन, कॅमेरा, छताची खिडकी सांगायला लागली. काकांनी सगळं ऐकून घेतलं. "ताई, ते असू द्या. दार पूर्ण काटकोनात उघडतं का? दाराखालचा उंबरा किती उंच? सीटचं कापड निसरडं आहे का? बसल्यावर सरकता यायला पाहिजे." मुलीने वहीत काहीतरी लिहिलं आणि अदबीने विचारलं, "सर, सध्या कोणती गाडी वापरता?"

काकांनी खिशातली टेप चाचपली. मग म्हणाले, "आहे एक. जुनी ओळख आहे."

चॉकलेटी गाडी न्यायला देवळ्याहून त्यांचा भाचा आला. मी कुंड्यांना पाणी घालत होते. काकांनी त्याला गाडीभोवती फिरवून खालच्या आवाजात एकेक गोष्ट सांगितली. थंडीत चावी किती वेळ धरायची, दुसऱ्या गिअरवर घाई करायची नाही. "आजलोंग इंजिन उघडेल नही," ते म्हणाले. "ध्यान ठेवजो." भाच्याने चावी फिरवली. अर्ध्या हाकेत गाडी सुरू झाली आणि गेली.

मग काका घराकडे वळले आणि आवाज चढवून, पार आतल्या खोलीपर्यंत जाईल असा, बोलले, "बरं झालं गेली! इंजिन खलास झालं होतं. तेल पीत होती नुसती. कंपनीचा माल आता पहिल्यासारखा राहिला नाही."

माझ्या हातातली झारी तशीच राहिली. इतक्या वर्षांत काकांनी कंपनीबद्दल असं वाक्य कोणाला बोलू दिलं नव्हतं. आता ते स्वतःच, मिळेल त्याला, गेटपाशी थांबवून सांगायला लागले. देशमुखांना सांगितलं. दूधवाल्याला सांगितलं. गुरुवारी चहाच्या टपरीवर जमणाऱ्या कंपनीतल्या जुन्या मित्रांनाही तेच सांगितलं असावं, कारण त्यातल्या दोघांनी त्यांच्याशी बोलणं सोडलं. गुरुवारी सकाळी काका घरीच दिसू लागले. चहा मात्र दोनदा प्यायचे.

नवी गाडी आली. पांढरी, बुटकी, काकांच्या शेजारी उभी राहिली की खेळण्यातली वाटणारी. तिच्याबद्दल काका काहीच बोलले नाहीत. दारसुद्धा तपासलं नाही.

यंदा आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी ते दोघं निघाले. काका कुलूप लावायला आत गेले होते. काकी काठी टेकत आल्या, पाठ करून सीटवर टेकल्या, पाय आत घेतले. कोणी हात लावला नाही. मग मला जवळ बोलावून म्हणाल्या, "बाई, एक सांगू? त्या गाडीला काही झालं नव्हतं."

मी दाराशी वाकले.

"बावीस वर्षं रोज सकाळी तिचा आवाज ऐकलाय मी. यांच्या खोकल्यापेक्षा मला तो जास्त ओळखीचा. शेवटच्या दिवशीसुद्धा कशी सुरू झाली, ऐकलं मी आतून." त्यांनी पदर नीट केला. "पण त्यांना म्हणू नका. त्यांना वाटतंय, मला खरं वाटलं."

"आणि वहिनी?" मी विचारलं. "नीट बोलत नाहीत म्हणाला होतात."

"ती?" काकी हसल्या. "ती बिचारी दर आठवड्याला विचारते, कधी येता म्हणून."

काका आले, बसले, आणि गाडी हळूच कॉलनीबाहेर नेली.

दोन दिवसांत येतो म्हणाले होते. आठ दिवस झाले तरी पत्ता नाही. कुंड्यांना पाणी मीच घालत होते. शेवटी नवव्या दिवशी फोन केला.

"आलोच असतो हो मॅडम," काका म्हणाले. मागे कोंबड्यांचा, पोरांचा कलकलाट चालला होता. "पण ही रोज एक नवीन घर काढते. काल मावशीकडे नेलं. परवा हिच्या वर्गातली एक म्हातारी निघाली, तिच्याकडे. आज कुठल्याशा शेतावर जायचं म्हणते, लहानपणी तिथे चिंचा पाडायची म्हणे. दोन वर्षांचं राहिलंय तिचं. होऊ दे."

"तुम्ही दमला असाल."

"मी काय, मी गाडीत बसून असतो. झाडाखाली लावतो आणि पेपर वाचतो. इथली माणसं बरी आहेत, कंपनीचं विचारत नाहीत."

तेवढ्यात लांबून काकींची हाक ऐकू आली. "चाला ना! किती येळ?"

"ठेवतो," काका घाईघाईने म्हणाले. "ती गाडीत जाऊन बसलीसुद्धा."