सुभानराव सरनोबत गळ घेऊन बसले, ती हकीकत

श्रीमत्स्यावतार प्रसन्न. जो प्रभू जळात राहोन वेद राखिता जाहला आणि कोणाचेही गळास लागला नाही, त्यासी साष्टांग नमन करोन, वडिलांचे तोंडून ऐकिले तैसे लिहितो. शके सोळाशे एकुणऐंशी, ईश्वरनाम संवत्सरे, भाद्रपदमासी एका राज्यात तह जाहला. कोणते राज्य ते पुसू नये. राज्ये बहुत आहेत आणि ज्याला त्याला आपलेच वाटते. तह जाहला आणि रयतेने साखर वाटिली, आणि घोडे रानी चरावयास सोडिले, आणि तोफांचे तोंडात चिमण्यांनी घरटी केली, आणि अवघे राज्य निवांत जाहले; एक सुभानराव सरनोबत, साऱ्या फौजेचे धनी, तेवढे निवांत होईनात. त्यांची उभी हयात घोड्यावर गेली. पाय रिकिबीत असे तोवर स्थिर, जमिनीस लागला की थरथरे. जेवावयास बसले तर अर्ध्या भाकरीवर उठावे, आणि उठले तर कोठे जावे ते सुचू नये, मग पुन्हा बसावे. मग एके दिवशी भर दरबारी शेजारील राज्याचा वकील नजराणा घेऊन पुढे आला, आणि त्यास शिंक आली, आणि सरनोबतांनी तलवार उपसली. वकिलाची पगडी गडगडत सिंहासनापावेतो गेली. डोके जागचे जागी राहिले ही श्रींची कृपा.

महाराज बहुत कष्टी होऊन बोलिले, "सुभानराव, हा तह मोठ्या मिनतवारीने जाहला. तुम्ही एका हाताने मोडू पाहता काय?" मग राजवैद्य त्र्यंबकभट यांनी नाडी पाहिली आणि अर्ज केला की, "महाराज, हे दुखणे काढ्याचे नव्हे. यांस नदीकाठी गळ देऊन बसवावे. अधीर हातास मासा लागत नाही. ज्या दिवशी स्वहस्ते मासा धरोन आणितील, त्या दिवशी हात स्थिर जाहला ऐसे समजावे." महाराजांनी आज्ञा केली की, दसऱ्याचे आत मासा आणावा, न आणिल्यास सरनोबतीची वस्त्रे सुभानरावांचे पुतणे बयाजीराव यांस द्यावी. बयाजीराव तेथेच उभे होते. त्यांनी मिशीवरून हात फिरविला, आणि ते सुभानरावांनी पाहिले, आणि काळजात कट्यार शिरावी तैसे जाहले. ज्याचे नावाने मुलुख दचके तो आता माशांचे दयेवर आला, हे दुःख थोर.

मग आपले जहागिरीचे गावी येऊन सरनोबतांनी नदीवर मोहीम मांडिली. वरचे डोहावर चौकी बसविली आणि लोक नदी ओलांडीत त्या उतारावर पहारा ठेविला, जणू मासे रातोरात गड सोडोन पळणार. वेळूची लांब काठी केली, दोरीस लोखंडी गळ बांधिला आणि मधोमध मोरपिसाचा देठ बांधिला. तो देठ पाण्यावर उभा राहतो, आणि मासा लागला की बुडतो. इतके सिद्ध करोन स्वारी खडकावर बसली. आणि बसताक्षणी दमाजी चोपदाराने ललकारी दिली, "हुश्शार! सरनोबत साहेब नदीतीरी विराजमान!" रिवाजच ऐसा की, सरनोबत बसले तर ललकारी, उठले तर ललकारी. दमाजीचा आवाज ऐकोन पलीकडील डोंगरावरची गुरे माना वर करीत. आणि सुभानराव तर घटकाभर एके जागी टिकेनात. देठ हलला ऐसे वाटले की उठावे, हलला नाही म्हणोन बसावे, आणि मग उन्हाकरिता उठावे, आणि दर खेपेस "साहेब उभे राहिले!" आणि "साहेब विराजमान!" ऐसा गजर व्हावा. डोहातील मासे वरचे डोहास गेले आणि वरचे डोहातील त्याहून वर गेले. गळास एक खेकडा लागला, तोही मुजऱ्यास आला असावा.

सरनोबतांचे कुटुंब चिमाबाईसाहेब यांचे माहेर नदीकाठचे. त्या चार दिवस पाहोन बोलिल्या, "स्वारीने गळ टाकिला आहे की नगारा वाजविला आहे? आमचे माहेरी मासे धरिताना खोकलासुद्धा गिळीत असत." सरनोबत संतापले, परंतु समजले. मग त्यांनी उठणेच वर्ज्य केले. ललकारीच होऊ नये म्हणोन दात खाऊन बसले. तितक्यात मुंगळे धोतरात शिरले. सरनोबतांनी किल्ल्यावरोन शत्रूने ओतिलेले उकळते तेल अंगावर घेतले होते, परंतु मुंगळा ही चीज निराळी. ते उडी मारोन उठले, आणि दमाजीने ललकारी दिली, आणि बुडू लागलेला देठ सरळ जाहला.

मग सरनोबतांनी दमाजीस जवळ बोलाविले आणि सांगितले की, उद्यापासोन मुकाट बसावे. दमाजी म्हातारा माणूस, त्याचे डोळ्यांस पाणी आले. तो बोलिला, "धनी, मान कापून घ्या, पण हे सांगू नका. माझा बाप सांगून गेला, धनी जिता आहे तोवर ललकारी थांबवायची नाही. ती थांबते ती धन्याच्या तिरडीपुढं." सुभानराव पाण्याकडे पाहोन पाय हलवू लागले. दसरा जवळ आला, सरनोबती हातची जाते, आणि तीच वाचवावयाची तर तिचाच मान मुका करावा लागतो, ऐसा पेच पडला. शेवटी बोलिले, "मग दमाजी, मी मेलो ऐसे समज आणि गप बैस."

दुसरे दिवसापासोन नदीवर शब्द नाही. सुभानराव उठले तरी कोणी सांगेना, बसले तरी सांगेना. प्रथम त्यांस बहुत ओकेबोके वाटले, आपण आहो की नाही हेच कळेना. मग हळूहळू मासे खालचे डोहात उतरले आणि देठाभोवती बारीक बुडबुडे येऊ लागले. सरनोबतांचा पाय हलतच होता, परंतु डोळा हलेना. तहापासोन ज्यास कशाची वाट पाहावी ते उरले नव्हते, त्यास वाट पाहावयास काही मिळाले. एके दिवशी खंड्या पक्षी येऊन काठीचे शेंड्यावर बसला, आणि सुभानरावांनी श्वास रोखिला, आणि आपणास हसू येते आहे हे ध्यानी येऊन नवल केले. परंतु मासा काही लागेना.

इकडे उतारावरोन जाणारे वाटसरू थबकू लागले. ललकारी नाही, म्हणजे काय जाहले हे त्या राज्यात पोरास कळे. वार्ता गावोगाव होऊन दरबारी गेली की, सरनोबत वारले. महाराज रडले आणि नगारा बंद ठेविला. मग बयाजीरावांस वस्त्रे देण्याचे ठरले, आणि दसरा तोंडावर असता रंगोपंत कारकून दुखवट्याचे पांढरे लुगडे घेऊन जहागिरीस आले. चिमाबाईसाहेब नदीकाठी होत्या. लुगडे पाहताच त्यांचे पित्त खवळले. "अहो पंत, डोळे फुटले काय? कपाळी रुपयाएवढे कुंकू आहे ते दिसत नाही? तो पाहा माझा धनी, खडकावर बसला आहे!" रंगोपंतांनी पाहिले आणि मटकन खाली बसले. त्याच क्षणी देठ बुडाला.

सुभानरावांनी डावा हात वर केला, तेव्हा बाईसाहेबही गप्प जाहल्या. दोरी ताणली, काठी वाकली, मग सैल सोडिली, मग ओढिली, आणि हाताएवढा खडस मासा खडकावर येऊन आपटू लागला. हात बिलकुल कापला नाही. रंगोपंत धावत आले आणि बोलिले, "साहेब, वेळ गेलेली नाही. मासा लागला, दसरा उजाडावयाचा आहे. फक्त एक ललकारी होऊ द्या, तिजवाचोन सरनोबत जिते ऐसे दरबार मानणार नाही. मी कानाने ऐकिली ऐसे सांगतो आणि बयाजीरावांची वस्त्रे परत फिरवितो." हे ऐकोन दमाजी उठला, मुंडासे सावरिले, काठी रोविली आणि छाती भरोन श्वास घेतला. त्या एका श्वासात फौज होती, निशाण होते, दरबारची पहिली गादी होती. सुभानरावांचे डोळे भरोन आले, ते येथे लपवीत नाही. त्यांनी डोहाकडे पाहिले. उसळलेले पाणी पुन्हा स्थिर होत होते.

"दमाजी," ते बोलिले, "श्वास सोड. मासे जातील."

दमाजीने श्वास सोडिला आणि काठी टाकोन खडकावर बसला. रंगोपंत घाबरे होऊन म्हणाले, "अहो, मग दरबारी मी सांगू तरी काय?" सुभानराव गळास नवे गांडूळ लावू लागले. तेव्हा चिमाबाईसाहेबांनी लुगड्याची घडी कारकुनाचे हाती परत दिली आणि सांगितले, "सांगा, सरनोबत वारले. सुभानराव हयात आहेत, आणि अजून जेवले नाहीत."

एवंच, सरनोबती बयाजीरावांकडे गेली, तह टिकला, आणि सुभानराव पुढे बहुत वर्षे त्या खडकावर उठत बसत राहिले. ऐकिले तितके लिहिले. उणे असेल ते वाचणाराने भरावे, परंतु नदीकाठी मोठ्याने वाचू नये. इति.