सोफ्यावरचा पिसाळलेला बाण

माझी नजर घारीची, कान सशाचे, आणि डोकं कुणाचं ते अजून ठरायचंय, असं माझ्या सासूबाई म्हणतात. हेवा माणसाला काय काय बोलायला लावेल सांगता येत नाही. पोटापाण्यासाठी मी चष्म्याच्या दुकानात बसतो, पण पिंड गुप्तहेराचा. गेल्याच आठवड्यात बायकोचा माऊस घरातून नाहीसा झाला, तेव्हा चहा निवायच्या आत मी निकाल दिला: शेजारच्या काकांनी लांबवला. तेव्हापासून काका माझ्याशी बोलत नाहीत. अपराधी मन, दुसरं काय.

हे प्रकरण मात्र गंभीर होतं. नोकरी सोडून बायको घरून नकाशे काढायला लागली, त्यातलं हे पहिलं काम: एका शाळेच्या वाचनालयाचा आराखडा. चार वाजता तो मुख्याध्यापिकांना व्हिडिओ कॉलवर दाखवायचा होता. बायको सोफ्याच्या कोपऱ्यात, मांडीवर लॅपटॉप, बाजूला भाजी चिरायची फळी आणि फळीवर नवा माऊस, कारण सोफ्याच्या मऊ कापडावर तो धड चालत नाही. धीर द्यायला म्हणून मी शेजारी बसलो. तिचा हात माऊसवर नव्हता, तरी पडद्यावरचा बाण सुसाट सुटला आणि भिंतीला भगदाड पाडून थांबला.

"बघ, परत," ती म्हणाली. हे काम हातचं गेलं तर पुढचं कुणी देणार नव्हतं, आणि ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

"परदेशातला चोर," मी म्हणालो. "आराखडा पळवतोय."

"वाचनालयाचा?"

"चोरालाही वाचनाची आवड असू शकते."

तिने इंटरनेट बंद केलं. मी सरसावून बसलो आणि बाणाने दरवाजा उचलून छतावर ठेवला.

मग मी फळी हुंगली. कांदा! माऊसच्या पोटाला एक डोळा असतो. कांद्याने तो चुरचुरणारच. फळी घासूनपुसून आणली. मी उभा होतो तोवर बाण गरीब गाय होता. समाधानाने टेकलो, तर जिन्याखाली एक लांबट चौकोन उमटला.

आता मला धागा सापडला. उठून पाहिलं, बाण शांत. बसून पाहिलं, पिसाळला.

"गुन्हेगार मला ओळखून आहे," मी म्हणालो. "मी तपासाला बसलो की त्याची गाळण उडते."

"मग तू बसूच नकोस ना."

"आणि माघार घेऊ?" मी मांडी ठोकून बसलो. वाचनालयाचं अर्धं छप्पर गेलं. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला खरोखरच वाईट वाटलं.

तेवढ्यात सासूबाई धुण्याची बादली घेऊन आल्या. "जावईबापू, उठा जरा. गादीची खोळ धुवायचीय."

"तपास चालू आहे."

"तो उभ्यानेही होतो."

त्यांनी गादी उचलली. खाली केसांचे दोन चाप, एक पेन आणि हरवलेला जुना बिनतारी माऊस, दिवा लुकलुकत असलेला. त्याचा नखाएवढा तुकडा लॅपटॉपला अजून खोचलेलाच होता. मी बसलो की गादीखाली तो सरकत होता आणि त्याचं बटण दाबलं जात होतं. बायकोने तो तुकडा उपटला आणि माझ्याकडे न बघता छप्पर परत चढवायला घेतलं.

"दोन प्रकरणं एकदम सुटली," मी म्हणालो.

"आता शेजारी जाऊन काकांची माफी मागा," सासूबाई म्हणाल्या.

चारच्या ठोक्याला बायकोने इंटरनेट परत जोडलं. मुख्याध्यापिकांनी आराखडा बारकाईने पाहिला. "सगळं ठीक आहे. पण हे जिन्याखाली काय काढलंय?"

चौकोन पुसायचा राहिला होता. बायकोचा चेहरा पडला.

"मुलांना बसून वाचायला कट्टा ना? आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नसतं. काम तुम्हीच करायचं."

बायकोने मोठा श्वास घेतला. "कल्पना माझ्या नवऱ्याची," ती म्हणाली. "बसल्या बसल्या सुचली त्याला."

मी तिच्यामागून नम्रपणे मान झुकवली. उभ्यानेच, कारण सोफ्यावर बसायची मला अजून परवानगी नव्हती.